टोपलीचं वजन

तिसरं झाडही मेलं, हे झाडं लावणाऱ्या ट्रस्टच्या आनंदी बर्वे यांनी मला ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात पुण्यातले दुकानदार दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना 'संपलं' म्हणतात. फोन आला तेव्हा मी कल्याणीनगरच्या ऑफिसात पाचव्या मजल्यावर काचेच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो, आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधली एक चूक शोधत होतो. तीन दिवस शोधत होतो. अशी चूक शोधताना माणूस कुणावर तरी चिडलेला लागतो, नाहीतर हात चालत नाही. त्या दिवशी मी आधीच तयार होतो.

"योगेशराव, करंज गेला," त्या म्हणाल्या. "बकुळ गेली तेव्हा मी म्हटलं, होतं असं. बहावा गेला तेव्हा म्हटलं, वाळवी असेल. करंज खाऱ्या जमिनीतसुद्धा येतो. तोही गेला. म्हणून माती तपासायला दिली. मीठ आहे."

"मीठ म्हणजे?"

"मीठ म्हणजे मीठ. आपण वरणात घालतो ते. आपण हमीपत्रावर सही केली होती ना? वाचून केली होती ना?"

मी म्हटलं, केली होती. मग त्यांनी मला ते वाचून दाखवलं, जसा काही मी निरक्षर होतो. सुती कापड, बांबू, पालापाचोळा आणि शेणखत यांखेरीज कोणतीही वस्तू, विशेषतः मीठ, खड्ड्यात घालणार नाही. "'विशेषतः मीठ' हे ठळक अक्षरांत छापलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांसाठीच." हे 'तुमच्यासारख्यांसाठी' मी लहानपणापासून ओळखतो. ते कसब्यात राहताना ऐकलं होतं, शाळेत ऐकलं होतं, आता फोनवर ऐकलं. उद्या सकाळी खोदणारे येणार होते. खड्डा उघडायचा, जे काही उरलं असेल ते बाजूला घ्यायचं, माती बदलायची आणि पुन्हा नीट ठेवायचं. त्यासाठी मृताच्या पत्नीची, म्हणजे माझ्या आईची, सही हवी होती, आजच्या आज, पाचच्या आत. सही नसेल तर बाबांचा नंबर नोंदवहीतून कमी होईल, पत्र्याची पाटी निघेल आणि त्या जागेवर पुन्हा काही लावलं जाणार नाही. "आमच्याकडे रांग आहे," असं त्यांनी शेवटी सांगितलं. मरणाचीसुद्धा पुण्यात रांग असते, आणि ती मोडलेली कुणाला चालत नाही.

बाबा म्हणजे हिंमतराव, माझे वडील. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार चारच्या मार्चमध्ये वारले. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, महानुभाव. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. भूमिडाग म्हणतात त्याला. देहाला पांढऱ्या कपड्यात डाव्या कुशीवर निजवायचं, खाली मीठ, वर मीठ, आणि मग माती. गावाकडे त्यासाठी जागा ठरलेली असते, पंथातली माणसं येतात, सगळं कसं आपोआप होतं. पुण्यात काही आपोआप होत नाही. पुण्यात विद्युतदाहिनी आहे, पास आहे, खिडकी आहे, आणि खिडकीतला माणूस 'पुरायचंय' म्हटल्यावर चष्म्यावरून बघतो. मला या ट्रस्टचा पत्ता आमच्या ऑफिसातल्या हिरव्या समितीतून लागला. आमच्याकडे अशी एक समिती होती. कागदाच्या दोन्ही बाजू वापरा असे मेल ती पाठवायची. मरकळच्या पुढे सहा एकर माळ, ग्रामपंचायतीची परवानगी, पेटी नाही, सिमेंट नाही, दगड नाही. बांबूच्या टोपलीत देह ठेवायचा, चार फूट खोल पुरायचा, वर झाड लावायचं. लाकूड जळत नाही, धूर होत नाही, नदीत राख जात नाही. मी ते पत्रक वाचलं आणि मला वाटलं, हे माझ्यासाठीच काढलंय. बाबांना माती मिळेल, पुण्याला झाड मिळेल, आणि मला सुट्टी घेऊन सहाशे किलोमीटर जावं लागणार नाही.

हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात बाबांनी माझं मनगट धरलं होतं. हाताला हाडं आणि सुयाच उरल्या होत्या, पण पकड तीच, कारखान्यात तीस वर्षं पान्हा फिरवलेली. "मले गावाले ने," म्हणाले. "इथं नाई. गावाले." मी म्हटलं, हो बाबा, नेतो. त्याआधीच मी ट्रस्टचा फॉर्म भरून टाकला होता. खिशात होता तो, घडी केलेला, आणि त्यांनी धरलेल्या हाताच्या कोपरापाशी टोचत होता. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं. तो तपासायला येत नाही. अवघड पुढचं असतं. म्हणून मला ते झाड हवं होतं. दुसऱ्या कशासाठी नाही, पर्यावरण गेलं खड्ड्यात. झाड उभं राहिलं असतं, त्याला पानं आली असती, तर मी त्याच्या बुडाशी जाऊन म्हटलं असतं, बघा, गावी काय होतं तुमचं? धसकटं आणि ऊन. इथे सावली आहे. खोटं फिटलं असतं. आणि दुसरंही एक होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसाने जन्मभर कुणाला सावली दिली नाही, त्याच्याकडून ती वसूल करायची होती.

मी मॅनेजरला सांगितलं, घरी जायला लागतंय. तो म्हणाला, "एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, वडिलांच्या खड्ड्यात मीठ सापडलंय. त्याने मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. त्याला वाटलं असेल, मराठीत अशी काहीतरी म्हण आहे.

एप्रिलची दुपार होती. येरवड्यातून विश्रांतवाडीकडे जाताना हेल्मेटच्या आत डोकं शिजत होतं, आणि मी मनातल्या मनात माणसं तपासत होतो. मीठ टाकलं कुणी? माझा धाकटा भाऊ संतोष? तो तेव्हा दुबईत होता, दहाव्यालाही आला नाही. पंथातले लोक? त्यांना मी मुद्दामच उशिरा कळवलं होतं. ते आले तेव्हा माती लोटून झाली होती, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने 'दंडवत प्रणाम' हा आमच्यातला नमस्कार मला केला तो इतका थंडपणे, की शिवी परवडली असती. म्हणजे राहिला ट्रस्टचा संपत. टोपली उचलायला आम्ही चौघं होतो, पुढे मी आणि संपत, मागे शेजारचे दोघं. टोपली उचलली आणि संपत म्हणाला, "साहेब, म्हातारबा लई जड हायेत की." मलाही तेच वाटलं होतं. शेवटच्या महिन्यात बाबांचं वजन चाळीसच्या खाली गेलं होतं. मी त्यांना एका हाताने उठवून बेडपॅन द्यायचो. आणि त्या दिवशी त्या टोपलीने माझा खांदा उतरायची वेळ आली. बांबू करकरत होते. मला आठवतं, मला त्या वेळी राग आला होता, खराखुरा, प्रेताचा राग. मेल्यावरही भार टाकायचा सोडत नाही हा माणूस, असं मी त्या माळावर उन्हात चालताना मनात म्हणालो, आणि मग घाबरून तोंडाने 'दंडवत प्रणाम' म्हणालो. लोकांना वाटलं, मुलगा गहिवरला.

संपतने मीठ कशाला टाकावं? त्याचं काय अडलं होतं?

आम्ही आधी कसबा पेठेत राहायचो, तांबट आळीच्या मागे, दोन खोल्यांत. सकाळपासून तांब्यावर हातोड्या पडायच्या. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी कान दुखायचे. सबंध पेठ गणपतीची, आणि आमच्या घरात इतर देवांचं नाव निघत नसे. पंथातले बाकीचे लोक एवढे कडक नव्हते, हे मला मोठेपणी कळलं. त्यांची मुलं आरतीला उभी राहायची, कुणी काही म्हणायचं नाही. बाबा मात्र पंथापेक्षा कडक होते. मी सात वर्षांचा असताना मंडपात प्रसाद खाल्ला, खोबऱ्याची वडी होती, गुलाबी. मागच्या खोलीत मोरीपाशी नेऊन बाबांनी माझ्या घशात बोटं घातली. वडी बाहेर आली, सकाळची भाकरी आली, मग नुसतं पिवळं पाणी आलं, तरी बोटं होती. आई दारात उभी होती. तिने मोरी धुतली. मी त्या दिवशी आईवर जास्त चिडलो होतो, बाबांवर नाही. वाघाने खाल्लं तर वाघावर कोण चिडतं? शाळेत मी 'मले, तुले' म्हणालो की मुलं हसायची, म्हणून मी महिन्याभरात भाषा बदलली, स्वच्छ, ळ आणि ण सकट. बाबांनी ते ऐकलं आणि जेवताना म्हणाले, "बामन झाला का बे?" नंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा मार मला फारसा आठवत नाही, तो असायचाच. त्यांचं न बोलणं आठवतं.

जेवायला बसल्यावर मात्र ते एक शब्द बोलायचे. आई ताट वाढायची, सगळ्यांचं झालं की स्वतःचं घेऊन भिंतीपाशी बसायची, आणि तिने पहिला घास मोडला की बाबा म्हणायचे, "मीठ." डबा त्यांच्या हातभर अंतरावर, फडताळाच्या खालच्या खणात असायचा. हात लांब केला असता तर पोचला असता. केला नाही. ते ताट उलट्या हाताने दोन बोटं पुढे सरकवायचे आणि थांबायचे. आई घास ठेवून उठायची, चिमूटभर मीठ वाढायची, पुन्हा बसायची. रोज, दोन्ही वेळा. मी एकदा हिशोबी पोरासारखं आईला विचारलं होतं, तू आधीच जास्त का घालत नाहीस? ती म्हणाली, "घातलं व्हतं ना बाप्पा. तवा म्हने, खारट." तिने हे हसत सांगितलं होतं, आणि मीही हसलो होतो. घरात विनोद असे फार नव्हते, त्यामुळे जो सापडेल त्याला हसावं लागे.

विश्रांतवाडीला स्वतःचं घर झालं तेव्हा शेजारच्या मथुराबाईंनी आईला तुळशीचं रोप दिलं. आईला पूजा करायची नव्हती, तिला वास आवडायचा; पानं चुरगळून ती पदराला लावायची. बाबांनी एक दिवस कुंडीसकट ते खाली टाकलं, दुसऱ्या मजल्यावरून, खाली कोण आहे हे न बघता. कोणी नव्हतं. आई जिना उतरून गेली, खापऱ्या गोळा केल्या आणि माती तिथेच भिंतीच्या कडेला सारखी करून आली. परत येऊन तिने स्वयंपाक केला. त्या रात्रीच्या जेवणात 'मीठ' होतंच.

मी हे सगळं गाडीवर आठवत होतो, आणि मला माझ्याच आठवणींचा संशय येत होता, कारण त्यात मी कुठेच काही करत नव्हतो. बघत होतो. माझी बायको नम्रता म्हणते, तुझ्या सगळ्या गोष्टींत तू दारात उभा असतोस. नम्रताने आमच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात एक काचेची मीठदाणी आणली आणि माझ्या ताटासमोर आपटून ठेवली. "ही तुझी. मला हाक मारायची नाही." मी म्हटलं, मी कधी हाक मारली? त्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. भांडण कशावर होतं ते मला खरंच कळलं नव्हतं.

धानोरीच्या फाट्याला सिग्नल लागला. शेजारच्या रिक्षात एक बाई मांडीवर भरलेली पिशवी घट्ट धरून बसली होती, आणि मला एकदम आई आठवली. ती अशीच दवाखान्यात यायची, पिशवी मांडीवर घेऊन. बाबा दवाखान्यात असताना आईने गादी शिवायला घेतली होती. ट्रस्टच्या पत्रकात लिहिलं होतं, कुटुंबीयांची इच्छा असल्यास टोपलीत ठेवण्यासाठी सुती गादी स्वतः शिवावी, आत वाळला पाला भरावा. मला ती कल्पना भारी वाटली होती. मी आईला पत्रक वाचून दाखवलं. गावी न्यायचं नाही, इथेच असं असं करायचं आहे, बाबांना सांगू नकोस, म्हटलं. तिने नुसतं विचारलं, "झाड कायचं लावतेत?" मी म्हटलं, आपण म्हणू ते. मग तिने घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरी काढल्या आणि शिवायला बसली. बाबा जिवंत होते. बारा दिवस ती शिवत होती. आनंदी बर्वे एकदा घरी आल्या तेव्हा त्यांनी आईच्या हातांचा फोटो काढला, सुई, दोरा, पांढरं कापड. तो फोटो ट्रस्टच्या अंकात छापून आला होता, खाली ओळ होती: सहजीवनाचा शेवटचा टाका. आमच्या हिरव्या समितीने तो सगळ्या ऑफिसला मेलने पाठवला. तेव्हा मुली माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सो ब्युटिफुल." मी मान खाली घालून 'थँक्स' म्हणालो.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते. मी तसाच उभा राहिलो, कारण पाल्याची गादी तेवढी जड नसते, हे मला त्या क्षणी कळलं.

आईच्या दारात नेहमीसारखं ओलं होतं. बाबा गेल्यावर तिने गॅलरी भरून टाकलीय. तुळशी सहा, गोकर्ण, कढीपत्ता, डालड्याच्या डब्यात मेथी, कुठल्यातरी टपातून वर चढलेला कारल्याचा वेल. मी खराडीला चल म्हटलं की ती म्हणते, "झाडाईले पानी कोन टाकन?" माझ्याकडे मरकळला एक काडी जगत नव्हती, आणि इथे तुटक्या बादलीत टमाटे लागले होते. मला त्या बादलीला लाथ मारावीशी वाटली.

"जेवला?" तिने विचारलं.

"नाही. आई, एक सही पाहिजे."

"जेव आधी."

तिने ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. स्वतःचं वाढून ती भिंतीपाशी बसली, त्याच जागी. आता घरात कुणी नाही, खुर्ची आहे, टेबल आहे, मी आणून दिलेलं. तरी ती भिंतीपाशी बसते. मी ताटाजवळ फॉर्म ठेवला आणि सगळं सांगितलं. करंज, माती, रिपोर्ट, उद्या सकाळी खोदायचंय. तिने भाकरी मोडत ऐकलं.

"म्हंजे त्याले वर काढनार?"

'त्याले' म्हणाली ती. जन्मभर तिने बाबांना 'थे', आदराचं 'ते', म्हटलं होतं. थे आले, थे जेवले, त्याईले विचारा. मी तिच्याकडे बघितलं. वेणूबाई, माझी आई, सदुसष्ट वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, भाजीत घास बुडवत होती.

"गादीत काय होतं?" मी विचारलं.

"मीठ."

"किती?"

"जेवढं मावलं तेवढं. जाडं मीठ. खालच्या दुकानातून आनत व्हती मी रोज दोन पिशव्या. दुकानदार म्हने, वेणूबाई, लोनचं घालता का इतकं? म्हनलं, हो."

"मी फॉर्म वाचून दाखवला होता ना तुला? मीठ नाही घालायचं. झाड मरतं. वाचून दाखवलं होतं!" मी ओरडत होतो. शेजारी मथुराबाईंच्या घरातला टीव्ही बारीक झाला.

"हो. वाचला व्हता तू. म्हनून तं."

"म्हणून तर काय?"

तिने घास खाली ठेवला. "आपल्यात मीठ घालतेत. थ्या बाईले काय मालूम? मीठ नाई घातलं तं लोक काय म्हनतीन, हे माह्या मनात व्हतं पयले. दोन किलो घातलं असतं तं झालं असतं. मंग तू म्हनला, झाड लावू. त्याच्यातून झाड निंघन, म्हनला. लय मोठं होईन, दोनशे वर्स राहीन. आई, तू जाऊन बसशीन सावलीत." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, गॅलरीकडे बघत. "मी म्हनलं, नाई. आता पुन्हा उभा नाई राहू देत. बारा दिस भरलं मी. तो दवाखान्यात जिता व्हता. संध्याकायी डबा घेऊन जात व्हती त्याच्याकडे, आन् घरी येऊन मीठ भरत व्हती. त्याले सूप देलं तरी म्हने, मीठ. नर्सले म्हने. नाकात रबरी नयी, डोया उघडत नाई, आन् मीठ. म्हनलं, घे. आता पुरलं असन."

मला काहीतरी बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, तो माझा बाप होता. मला म्हणायचं होतं, मी त्याला गावी नेतो म्हणालो होतो, आणि त्या खोट्याची एकच भरपाई होती, तीही तू जाळलीस. मला तिचा संताप आला, मोरीपाशी आला होता तसाच. मग वाटलं, मोरीपाशी ती नुसती दारात उभी नव्हती. ती मोजत होती. आणि मी काय समजत होतो? मी टोपली खांद्यावर घेऊन चाललो होतो, आपण बापाला उचलतोय असं समजून, आणि उचलत होतो आईला, चाळीस वर्षांच्या तिच्या उठण्याबसण्याला. संपतला कळलं होतं की काहीतरी जड आहे. मला कळायला एक प्रयोगशाळा लागली.

"सही कर," मी म्हटलं. "बाकीचं नंतर बघू."

"नाई करत."

"मग तिथे काहीच राहणार नाही. पाटी काढतील. नाव जाईल त्याचं."

"जाऊ दे."

खालून भंगारवाला ओरडत गेला. काहीतरी करायला हवं म्हणून मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. अळणी होती. साफ अळणी, नुसतं वांग्याचं पाणी. आणि माझ्या तोंडून शब्द गेला. मी विचार केला नव्हता, मी रागात होतो, माझं लक्ष फॉर्मवर होतं. पण ताट मी उलट्या हाताने दोन बोटं पुढे सरकवलं होतं, आणि म्हणालो होतो,

"मीठ."

आईचा तळवा जमिनीवर टेकला. एक गुडघा वर आला. इतकं सरावाचं होतं ते, की तिचा चेहरासुद्धा बदलला नाही. ती अर्धी उठली, आणि तिथेच थांबली. मग हळूहळू, भिंतीचा आधार घेत, परत खाली बसली. तिने माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, पण ती नजर मी पाहिलेली होती. फक्त ती तेव्हा माझ्या शेजारच्या ताटाकडे असायची.

"घरात मीठ नाई," ती म्हणाली. "डॉक्टरनं बंद केलं. मी आनतच नाई."

फोन वाजला. आनंदी बर्वे होत्या. "सही झाली?"

"नाही."

"होणार आहे का? मला खोदणाऱ्यांना कळवायला हवं."

"नाही होणार. उघडू नका."

"म्हणजे तिथे काही उगवणार नाही, हे आपल्याला कळतंय ना? वर्षानुवर्षं. गवतसुद्धा नाही."

"कळतंय."

"खोटं हमीपत्र दिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, दिलं. त्यांनी फोन ठेवला.

मी ताट जवळ ओढलं. वांगं तोंडात फिरत होतं. मी पाणी प्यायलो आणि दुसरा घास घेतला. आईचं जेवण थांबलेलं होतं. तिचा हात अजून जमिनीवरच होता, आणि ती माझ्या ताटाकडे बघत होती. मी अळणी भाजी शेवटपर्यंत खाल्ली. मी ताट पुन्हा सरकवतो की काय, ते बघत ती तशीच बसून राहिली.